खान्देशच्या उन्हात लाल तेल

मे महिन्यात जळगावात ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल तपासायचं असेल, तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये लावून ठेवावी आणि सकाळी ऊन चढायच्या आत काम उरकावं. धुळे, जळगाव, भुसावळकडच्या ओळखीच्या प्रत्येक गाडीवाल्याला मी हेच सांगतो. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत तेलाची पातळी पाहताना तेलाचं तापमान ठरलेल्या मर्यादेत असावं लागतं. अनेक गिअरबॉक्सना ती मर्यादा 35 ते 45 अंश सेल्सिअस अशी असते. थंड मुलखात गाडी सुरू करून तेल 35 अंशांवर चढण्याची वाट पाहावी लागते. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवाच 44-45 अंशांवर असते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं तेल इंजिन सुरू व्हायच्या आधीच मर्यादेच्या वरच्या टोकाला जाऊन बसलेलं असतं.

तापलेलं तेल फुगतं. पातळी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते. मेकॅनिक ते जास्तीचं समजून पातळी पाहायच्या बोल्टातून वाहू देतो, बोल्ट आवळतो, आणि मालक कमी तेलाची गाडी घेऊन कन्नडच्या घाटाकडे निघतो. कुणी फसवणूक केलेली नसते की कुणी आळस केलेला नसतो. फक्त वेळ चुकलेली असते.

इंजिन ऑईलची काळजी आपण न सांगता घेतो. सर्व्हिसिंग म्हटलं की आधी तेच बदलतो. गिअरबॉक्सचं तेल मात्र नजरेआड राहतं, कारण ते जळत नाही, धूर सोडत नाही आणि वर्षानुवर्षं तक्रारही करत नाही. तक्रार करतं तेव्हा खर्च हजारांतून लाखांत गेलेला असतो. म्हणून हे तेल काय करतं, ते कशाने म्हातारं होतं आणि त्याची नाडी कशी पाहायची, हे गाडीच्या मालकाला स्वतःला समजलं पाहिजे.

केळीच्या बागेतला गिअरबॉक्स

खान्देशातल्या शेतकऱ्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स समजावणं सोपं जातं. त्याच्या केळीच्या बागेत तसाच संसार मांडलेला असतो. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनमुळे जळगावचं नाव ठिबकशी कायमचं जोडलं गेलं, आणि ठिबक ज्याने सांभाळलं त्याला दाब, फिल्टर आणि व्हॉल्व्ह या तीन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत.

गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं, ती विहीर समजा. त्यातून एक पंप तेल ओढतो. वाटेत फिल्टर असतो. पुढे ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्यात भुलभुलैयासारख्या बारीक वाटा आणि छोटे छोटे व्हॉल्व्ह असतात. याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. बागेत जसा या ओळीचा व्हॉल्व्ह बंद आणि त्या ओळीचा चालू करतो, तसं इथे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह तेलाचा दाब कधी एका क्लचकडे, तर कधी दुसऱ्या क्लचकडे वळवतात. ज्या क्लचला दाब मिळाला तो आवळला जातो आणि तो गिअर पडतो. आपण नुसता ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. आत तेलाने हात बदललेला असतो.

विहिरीचं पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेलं की पंप हवा धरतो आणि शेवटच्या ओळीतली केळी सुकतात. गिअरबॉक्समध्ये तेल कमी झालं की हेच होतं. पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच पुरता आवळला जात नाही आणि घसरू लागतो. इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. तेल जास्त झालं तरी सुख नाही. फिरणारे गिअर त्या तेलात बुडतात, ते ताकासारखं घुसळलं जातं आणि फेस होतो. फेसात पुन्हा हवाच असते. म्हणजे कमी तेल आणि जास्त तेल, दोन्हींचा शेवट एकच. पातळी नेमकी असावी लागते ती यासाठी.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. त्यात दोन पंखे समोरासमोर असतात. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल दुसऱ्यावर फेकतो. त्या माऱ्याने दुसरा फिरू लागतो. मधला तिसरा, स्टेटर, परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो, त्यामुळे सुरुवातीला जोर वाढतो. बहुतेक सलग वेगात हे पंखे लॉक होऊन एकजीव फिरतात; पण गाडी निघताना इंजिनची ताकद चाकांकडे जाते ती तेलातून. शिवाय हेच तेल गिअरना वंगण देतं, उष्णता वाहून नेतं आणि क्लच प्लेटा किती घट्ट आणि किती अलगद एकमेकींना धराव्यात हेही ठरवतं. या तेलाला नुसतं वंगण समजू नये. गिअर आणि प्लेट यांच्याइतकाच तो गिअरबॉक्सचा एक भाग आहे, फक्त पातळ असलेला.

देवमाशापासून लाल रंगापर्यंत

तेलातून ताकद पाठवायची कल्पना जहाजांसाठी जन्मली. जर्मन अभियंता हर्मान फॉटिंगर याने 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. मोटारीत ती सर्वसामान्यांपर्यंत आणली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने. 1939 मध्ये तिने ओल्डस्मोबिल गाडीसाठी हायड्रामॅटिक नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाहीर केला. पुढे 1949 मध्ये याच कंपनीने ऑटोमॅटिकसाठी वेगळ्या तेलाचं मानक ठरवलं, त्याला टाईप ए म्हणत. 1967 च्या सुमारास डेक्स्रॉन हे नाव आलं, ते आजही डब्यांवर दिसतं.

त्या काळातल्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल थोड्या प्रमाणात मिसळलेलं असे. क्लच अलगद पकडावा म्हणून त्यासारखं दुसरं काही नव्हतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि रसायनशास्त्रज्ञांना त्या तेलाचा गुण प्रयोगशाळेत तयार करावा लागला. आज डब्यात मिळणाऱ्या तेलातला महागडा भाग म्हणजे हीच मिसळलेली रसायनं. मूळ तेलाच्या आधी ती खर्ची पडतात.

लाल रंग मात्र तेलाचा स्वतःचा नव्हे. गळती झाली तर ती इंजिन ऑईलची की गिअरबॉक्सची हे जमिनीवरच्या डागावरून कळावं म्हणून तो घातला जातो. त्यामुळे रंग उडाला म्हणून तेल संपलं असं लगेच म्हणता येत नाही, आणि प्रत्येक कंपनीचं तेल लालच असतं असंही नाही.

आपली गाडी कोणत्या जातीची?

'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द आपण चार वेगळ्या यंत्रांना लावतो. तेल तपासण्याआधी हे कळायलाच हवं.

पहिली जात टॉर्क कन्व्हर्टरची. इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ-एन यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या जातीचे. वर सांगितलेलं सगळं यांना लागू.

दुसरी एएमटी. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ गाडीत ती आणली आणि क्लचशिवायची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. हा गिअरबॉक्स मुळात हाताने बदलायचाच असतो. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं एवढं काम यंत्र करतं. याला साधं गिअर ऑईल लागतं, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिकचं लाल तेल नव्हे. क्लच हलवणारं यंत्र हायड्रॉलिक असेल तर त्याचं थोडंसं तेल वेगळ्या बाटलीत असतं, त्याची पातळी सर्व्हिसिंगला पाहून घ्यावी.

तिसरी सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्यांमध्ये लोखंडी पट्टा फिरतो. पट्टा घसरू नये आणि झिजूही नये, अशी दुहेरी कसरत तेलाने करायची असते, म्हणून तिला फक्त सीव्हीटीचंच तेल चालतं. त्यात साधं एटीएफ ओतणं म्हणजे गिअरबॉक्स हातानं मोडणं.

चौथी डीसीटी, दोन क्लचची. यातल्या काहींचे क्लच तेलात बुडलेले असतात, काहींचे कोरडे. तेलात बुडालेल्यांचं तेल ठरल्या वेळी बदलावंच लागतं, कारण क्लचची झीज त्याच तेलात उतरते.

गाडीची पुस्तिका उघडा आणि तेलाच्या मानकाचं नाव वहीत लिहून ठेवा. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकना एसपी-4, होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-2. दुकानदार 'सगळ्यांना चालतं' म्हणत डबा पुढे करतो, तेव्हा डब्याच्या मागे आपल्या मानकाचं नाव छापलंय का एवढंच पाहायचं. नसेल तर डबा परत.

ऊन, घाट आणि तेलाचं आयुष्य

तेलाचा शत्रू उष्णता. गिअरबॉक्सच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. तेल साधारण 80 अंशांवर राहिलं तर ते दीड लाख किलोमीटरच्या आसपास टिकतं, आणि त्यावर दर 10-11 अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. म्हणजे 90 च्या घरात सुमारे 80 हजार, 100 च्या घरात 40 हजार. ठोकताळा तो ठोकताळाच, पण दिशा पक्की आहे.

आता आपला नकाशा समोर घ्या. धुळ्याहून शिरपूरमार्गे मध्य प्रदेशात शिरताना बिजासनचा घाट. धुळ्याहून मालेगावकडे निघालं की लळिंगचा घाट. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी. चाळीसगावहून कन्नडला चढताना औट्रम घाट, आणि जळगावहून संभाजीनगरला जाताना अजिंठ्याचा. घाटात ट्रक आडवा पडला की चढावर तासभर रांग लागते. पुढची गाडी चार हात सरकते, आपण चार हात सरकतो. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल सगळ्यांत जास्त तापतं ते इथे. एक पंखा फिरतोय आणि दुसरा जवळजवळ उभा आहे, अशा वेळी इंजिनची ताकद चाकांपर्यंत न पोहोचता तेलातच उष्णता होऊन मुरते. बाहेर 44 अंश असतील तर ही उष्णता काढून घ्यायला थंड हवाच उरत नाही.

तेल थंड करायचं काम कूलर करतो. बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो, काहींत वेगळा असतो. खान्देशात या कूलरला दोन दुखणी होतात. एक बाहेरून. कापसाच्या हंगामात कपाशीने भरलेल्या गाड्यांच्या मागे महिनाभर गाडी चालवली की जाळीत तंतू, भुसा आणि धूळ यांचा लेप बसतो. हंगाम संपला की, इंजिन पूर्ण थंड असताना, मंद धारेने जाळी धुऊन घ्यावी. दुसरं दुखणं आतून. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओततात. भांड्याला बसतो तसा क्षार आत बसतो आणि धातू खाल्ला जातो. रेडिएटरमधली पातळ भिंत फुटली तर पाणी आणि तेल एकत्र होतात. असं पाणी क्लच प्लेटांवरचा चिकटवलेला थर सोडवतं, आणि थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स जातो. कूलंटवर वाचवलेले चारशे-पाचशे रुपये असे वसूल होतात.

तेल तपासायचं कसं

गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक असेल तर हे काम घरी होतं. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून तेल गरम करा. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पीपासून डीपर्यंत आणि परत, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबत फिरवा, म्हणजे सगळ्या वाटांत तेल भरतं. लिव्हर पीमध्ये आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची असते. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत पाहायचं असतं. पुस्तिकेत असेल ते खरं.

डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल 'हॉट' लिहिलेल्या दोन खुणांच्या मध्ये हवं. पुसायला कापसाचा बोळा किंवा गॅरेजमधला सुताचा चोथा कधीही वापरू नका. कापसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण व्हॉल्व्ह बॉडीतल्या वाटा इतक्या बारीक असतात की एक तंतू तिथे जाऊन बसला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतो. ठिबकच्या छिद्रात कचरा अडकावा तसं. धुतलेलं, तंतू न सुटणारं फडकं वापरा.

बहुतेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे हे काम लिफ्टवर आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहायचं. गाडी सपाट आणि इंजिन चालू हवं. तापमान मर्यादेत आलं की पातळीचा बोल्ट उघडायचा. तेलाची बारीक धार लागून ती थेंबांवर आली, की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे. थेंब येईपर्यंत वरून भरायचं. तेलाने मर्यादा ओलांडली असेल तर बोल्टाला हात लावायचा नाही. गाडी थंड होऊ द्यायची. पहाटेच्या कामाचं महत्त्व आहे ते या पायरीसाठी. मे महिन्यात सकाळी साडेसहाला स्कॅनरवर 30-32 चा आकडा दिसतो आणि माणूस निवांत काम करू शकतो.

रंग, वास आणि बोटावरचा स्पर्श

पातळी पाहिली की थेंबाकडे वळा. पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. लालसर आणि स्वच्छ वर्तुळ सगळीकडे पसरलं तर तेल तरुण आहे. फिकट तपकिरी असेल तर वय झालंय, बदलायची तारीख ठरवा. मध्ये काळा डाग, तो पसरत नाही, आणि नाकाशी नेला की करपलेल्या टोस्टसारखा वास येतो: क्लच जळतोय. स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी आणि गढूळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. अशी गाडी सुरूही करू नका, गॅरेजपर्यंत उचलून न्या.

मग दोन बोटांत थेंब चोळा. गुळगुळीत लागला तर ठीक. कण टोचले तर चेंबर उघडून पाहायची वेळ आली. चेंबरमध्ये लोहचुंबक बसवलेले असतात. त्यांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज. चमकणारे तुकडे किंवा लोखंडाच्या चकत्या दिसल्या तर नुसतं तेल बदलून भागणार नाही.

बदलायचं कधी, किती

'सील्ड आहे, आयुष्यभर तेल बदलायचं नाही' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, हे विचारावं. झेडएफ ही जगातल्या मोठ्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिकचं तेल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षांत बदलायला सांगते. पुस्तिकांमध्ये 'खडतर वापर' असं एक कलम असतं: कडक उष्णता, धूळ, चढाचे रस्ते, सतत थांबत-निघत चालवणं. खान्देशातली गाडी या चारही कसोट्यांवर उतरते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचं तेल मी साठ हजारांच्या आसपास बदलायला सांगतो, सीव्हीटीचं त्याही आधी. पुस्तिकेत यापेक्षा कमी आकडा असेल तर तोच पाळा.

बोल्ट उघडून तेल सोडलं की सगळं निघत नाही. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून हजार-दोन हजार किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा थोडं थोडं बदलणं, हा धीराचा मार्ग चांगला. मशीन लावून दाबाने सगळं एकदम धुऊन काढण्यात, जुना गाळ हलून बारीक वाटांत अडकण्याची भीती असते. गॅरेजमध्ये उभे असाल तर दोन गोष्टींवर नजर ठेवा. सोडायच्या आधी भरायचा बोल्ट उघडतोय का हे पाहून घ्यावं. तो जाम निघाला आणि तेल आधीच सोडलेलं असेल तर गाडी तिथेच अडकते. आणि निघालेलं तेल मापात मोजावं. जेवढं निघालं तेवढं भरून मग तापमानावर पातळी पाहावी. कमी निघालं असेल तर गळती शोधायला हवी.

जी गाडी आधीच घसरते, झटके मारते, तिला नवं तेल म्हणजे औषध नव्हे. तेल हा पथ्याचा भाग आहे. पथ्य आजाराआधी पाळायचं.

घाटातलं पथ्य

चढावर रांगेत उभं असताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम निघा. डीसीटी आणि एएमटीला तर हे जास्तच लागू, कारण तिथे थेट क्लच जळतो. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह टाळा. एल, 2 किंवा मॅन्युअलमध्ये खालचा गिअर धरला की इंजिन गाडीला आवरतं आणि ब्रेकही तापत नाहीत. रिव्हर्समधून डीमध्ये जाताना गाडी पूर्ण थांबवा.

आणि गाडी बंद पडली तर? आपल्याकडे लगेच दोर बांधून दुसऱ्या गाडीला जोडतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले गिअर कोरडे फिरतात. पारोळ्यापासून जळगावपर्यंत असं ओढत आणलं तर मूळ बिघाडापेक्षा मोठा बिघाड घरी येतो. ज्या चाकांना इंजिन जोडलेलं आहे ती उचलून, नाहीतर पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच आणावी.

खान्देशात वर्षाचा मोठा प्रवास आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. लेकी माहेरी येतात, भाऊ पुण्या-नाशकाहून त्यांना आणायला गाडी काढतात, आणि ऊन नेमकं तेव्हाच डोक्यावर असतं. गाडी दाखवायची ती आखाजीच्या आठ दिवस आधी, पहाटे. तेल तपासताना टिपकागदावर घेतलेला थेंब सुकू द्या, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा कागद त्याच्या शेजारी धरा. चार-पाच वर्षांत लालापासून तपकिरीपर्यंत रंगांची एक ओळ तुमच्या हातात असेल, आणि तेल कधी बदलायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.